कारखाने, धूर आणि नद्या: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एका एमआयडीसीतल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काढली. सुरुवात बाटल्या धुण्यापासून झाली, शेवटी रिपोर्टवर सही करायला लागलो. ती नोकरी सुटून आता बराच काळ लोटला. तरी लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, भाचीच्या कॉलेजात, जिथे कुठे हे कळतं तिथे तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहून काढली. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

भारतात पर्यावरण सुधारतंय की बिघडतंय? एका वाक्यात सांगा.

वीज सुधारतेय, हवा अडखळतेय, पाणी जिथल्या तिथे आहे.

आणखी एक वाक्य मिळणार असेल तर सांगतो. चांगली गोष्ट जिथे स्वस्त झाली तिथे आपण झपाट्याने पुढे गेलो. घाण टाकणं जिथे फुकट आहे तिथे नुसती कायद्यांची चळत वाढली. या दोहोंच्या मधे थोडी ठिकाणं अशी आहेत जिथे कुणीतरी रोज मोजतं आणि तो आकडा चारचौघांना दिसतो; तिथे गाडं जरा तरी हललंय. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील, त्याला माझा इलाज नाही.

आपल्याकडे कडक कायदेच नाहीत, हा मूळ प्रॉब्लेम ना?

नाही. कायदे भरपूर आहेत, आणि महाराष्ट्र तर त्यात देशाच्या पुढे होता. राज्याने १९६९ साली स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा पाण्याचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९७४ला आला. हवेचा कायदा १९८१चा. डिसेंबर १९८४मध्ये भोपाळ झालं आणि १९८६ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. प्रकल्पाआधी त्याचे परिणाम तपासायची अधिसूचना १९९४ला निघाली, २००६ला ती नव्याने लिहिली गेली. २०१०ला राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीचं वेगळं न्यायपीठ, आला; त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. 'जो घाण करेल तो भरेल' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच, तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात मान्य केलं.

कमी आहेत ती माणसं. देशभरातल्या प्रदूषण मंडळांत मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास रिकामी आहेत. एका फील्ड ऑफिसरकडे शेकडो कारखाने असतात. तो बिचारा कोर्टाच्या तारखांना जाईल, मंत्र्यांच्या प्रश्नांची उत्तरं टाईप करेल, की नाल्याकाठी उभा राहील?

मग कायदे असूनही नाल्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं का?

याचं उत्तर लांब आहे, कारण माझी नऊ वर्षं यातच गेली.

कागदावर व्यवस्था अशी: प्रत्येक कारखान्याने आपलं सांडपाणी आधी स्वतःच्या ईटीपीत, म्हणजे कारखान्यातल्याच प्रक्रिया यंत्रणेत, थोडं साफ करायचं, मग पाइपलाइनने सामायिक केंद्राकडे पाठवायचं. लहान कारखान्याला मोठी यंत्रणा परवडत नाही, म्हणून सगळ्यांची मिळून एक. कल्पना चांगली आहे. या केंद्राचं खरं काम यंत्रं करत नाहीत, जिवाणू करतात. मोठ्या टाकीत हवा सोडायची, जिवाणू घाण खातात, खाली बसतात, वरचं पाणी पुढे जातं. टाकी धडधाकट असली की पाणी चॉकलेटी दिसतं आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. रोज सकाळी एक लिटरच्या नळकांड्यात ते पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचं आणि गाळ कुठपर्यंत बसतो ते बघायचं. तेवढ्यावरूनही टाकीची तब्येत कळते.

आता रात्रीचे दीड वाजलेत असं समजा. कुणीतरी आपली आम्लाची टाकी सरळ पाइपलाइनच्या चेंबरमध्ये मोकळी करतो. स्वतःची यंत्रणा चालवायची तर वीज, चुना, फिटकरी, माणूस, गाळ उचलायचा खर्च, असं सगळं येतं. व्हॉल्व्ह उघडायला काहीच लागत नाही. केंद्रात येणाऱ्या पाण्यात आम्ल ओळखणारा पीएच पेपर बुडवला की तो लालभडक. पहाटेपर्यंत टाकीचा रंग उतरतो, पांढरा फेस चढतो, सकाळी काळं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास. जिवाणू मेलेले असतात. मग आम्ही काय करायचो? ट्रॉलीभर शेण मागवायचं. गूळ, युरिया. शेणाचा काला करून टाकीत ओतायचा आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. कोट्यवधींचं केंद्र अशा वेळी गोठ्याच्या भरवशावर चालतं. त्या दोन-तीन आठवड्यांत येणारं पाणी थांबत नाही, कारण कारखाने थांबत नाहीत. ते कुठे जातं हे नाल्याकाठच्या माणसांना विचारा.

कुणी टाकलं? शंभर कारखान्यांची एक पाइपलाइन. चेंबर उघडत उघडत मागे जावं तर तोवर पाणी वाहून गेलेलं. कुणावर बोट ठेवता येत नाही, म्हणून सगळे सुटतात, आणि जो प्रामाणिकपणे चुना-फिटकरीचा खर्च करतो तो मूर्ख ठरतो. असे प्रामाणिक लोक असतात, हेही लिहून ठेवतो. आमच्याकडे एक रंगांचे कारखानदार होते, महिन्याला स्वतः येऊन आपला रिपोर्ट बघायचे. बाजारात त्यांचा माल शेजाऱ्यापेक्षा महाग पडायचा, हे सांगायला नकोच.

आणि पहिला पाऊस. जूनमध्ये नाला भरून वाहायला लागला की वर्षभर साठवलेलं काय काय त्यात सोडलं जातं, 'पाऊसच आहे, वाहून जाईल' म्हणून. खाडीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या त्या दिवसांत वाचल्या की मला नवल वाटत नाही.

ते निळे कुत्रे आणि गुलाबी रस्ता खरे होते का?

हो. निळे कुत्रे ऑगस्ट २०१७मध्ये तळोजा एमआयडीसीत दिसले, तिथल्या कासाडी नदीच्या आसपास. गुलाबी रस्ता डोंबिवली एमआयडीसीतला, फेब्रुवारी २०२०चा. तो बघायला तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः गेले होते. दोन्ही फोटो देशभर फिरले.

मला यातलं एकच खटकतं. रंग दिसतो म्हणून बातमी होते. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट पाणी बहुधा बिनरंगाचं असायचं.

बीओडी, सीओडी हे नक्की काय असतं?

पाण्यातली घाण कुजताना त्यातला प्राणवायू खाते. किती खाते, तो बीओडी. सॅम्पल आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवून मोजतात. आंघोळीची नदी म्हणायची तर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला ३०ची मुभा आहे.

सीओडी म्हणजे तीच घाण जिवाणूंऐवजी रसायनाने संपवायला लागणारा प्राणवायू. त्याला तीन दिवस थांबावं लागत नाही. डायक्रोमेट नावाचं नारिंगी रसायन आणि तीव्र आम्ल घालून सॅम्पल दोन तास उकळायचं. घाण जास्त असली की नारिंगीचं हिरवं होतं. नवीन मुलांना मी सांगायचो, नळीत हिरवं दिसलं की खूश होऊ नका, हा हिरवा तो हिरवा नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादा २५०. आत येणारं कधी आठशे असायचं, कधी बारा हजार.

आमच्या बाजूच्या कंपनीला 'रेड कॅटेगरी' म्हणतात. म्हणजे ती बेकायदा आहे का?

नाही. ती फक्त प्रदूषणाच्या शक्यतेची वर्गवारी आहे. २०१६पासून गुण देऊन ठरवतात. तेव्हा साठ आणि त्यावर लाल, मग नारिंगी, हिरवी, आणि वीसपर्यंत पांढरी असं होतं; २०२५मध्ये हे आकडे बदलले. पांढऱ्याला मंडळाची संमती लागत नाही, कळवलं की झालं. लाल कारखाना नीट चालवला तर नदीला धक्का लागत नाही, आणि हिरवाही रात्री व्हॉल्व्ह उघडू शकतो.

सगळ्यात प्रदूषित औद्योगिक पट्टे कोणते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये ८८ पट्ट्यांना गुण दिले (जास्त गुण म्हणजे जास्त घाण), त्यात ४३ 'गंभीर प्रदूषित' निघाले. पहिले दोन गुजरातेतले: अंकलेश्वर आणि वापी. चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं. डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई, तारापूर हेही गंभीर यादीत होते. २०१८ला पुन्हा मोजलं तेव्हा तारापूर देशात पहिलं आलं, ९३.६९. नऊ वर्षांपूर्वी ते ७२.०१ होतं. या यादीत पहिला नंबर येणं म्हणजे काय ते तिथल्या मच्छीमारांना कळतं. मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ साली हरित लवादाकडे धाव घेतली होती. २०२२मध्ये लवादाने शंभरावर कारखाने आणि सामायिक केंद्र मिळून शेकडो कोटींची भरपाई आकारली. म्हणजे सहा वर्षं लागली. तेवढ्यात खाडीत माशांच्या किती पिढ्या झाल्या असतील?

सगळा दोष कारखान्यांचाच का? आपण नागरिक काय धुतल्या तांदळाचे?

अजिबात नाही. हा प्रश्न विचारणारे बहुधा कारखानदार असतात, पण प्रश्न रास्त आहे.

केंद्रीय मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे जेमतेम २८ टक्क्यांवर. उरलेलं जसंच्या तसं नदीत. हे कुठल्या कंपनीचं नाही, तुमच्या-माझ्या संडासाचं आणि मोरीचं आहे. २०२२मध्ये देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले गेले, त्यात सर्वांत जास्त, ५५, महाराष्ट्रात. चार वर्षांपूर्वी देशाचा आकडा ३५१ होता आणि महाराष्ट्राचा ५३. देशाचा खाली आला, आपला दोनने वर गेला.

पंचगंगेचं घ्या. वर कोल्हापूरचं मैलापाणी, खाली इचलकरंजीचे कापड प्रक्रियेचे कारखाने, मधे साखर कारखाने. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं. २०१२मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. कावीळ रंगाच्या पाण्याने होत नाही, मैल्याने होते.

फरक इतकाच की मैलापाण्याला औषध आहे आणि ते साधं आहे. रसायनांचा बीओडी कधी कधी कमी दिसतो, कारण त्यांनी जिवाणूच मारलेले असतात.

हवेचं काय? मुंबईत हिवाळ्यात समोरची बिल्डिंग दिसत नाही.

हवेच्या बाबतीत निदान मोजणं सुरू झालंय. २०१५पासून देशात एकच हवा निर्देशांक आहे. त्याआधी आकडे तज्ज्ञांनाच कळायचे. 'सफर' ही अंदाज देणारी यंत्रणा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने उभी केली, पहिल्यांदा २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांसाठी. एप्रिल २०२०मध्ये देश बीएस-४वरून थेट बीएस-६ इंधनावर गेला, इंधनातलं गंधक ५०वरून १० पीपीएमवर आलं. ही मोठी उडी होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

२०१९मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला. आधी धुळीचे कण २०२४पर्यंत २० ते ३० टक्के कमी करायचे होते, मग ते २०२५-२६पर्यंत ४० टक्के झालं. यादीत महाराष्ट्राची १९ शहरं आहेत, मुंबईपासून जालना, लातूर, अकोल्यापर्यंत. पण पैशाचा मोठा वाटा गेला रस्त्यावरची धूळ झाडण्यात, पाणी मारण्यात. झाडूवाली गाडी फोटोत छान दिसते, पण फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण तिला सापडत नाहीत. आपलं वर्षाचं प्रमाण अशा बारीक कणांसाठी ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं ५. म्हणजे आपल्याकडे जी हवा पास होते ती तिथे आठ वेळा नापास.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर जायला सांगितलं. पाववाल्याच्या भट्टीवर कोर्टाचं इतक्या लवकर लक्ष गेलं याचं मला कौतुकही वाटलं आणि थोडं हसूही आलं. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांना मिळालेली मुदत बघा.

कुठली मुदत?

डिसेंबर २०१५मध्ये औष्णिक वीज केंद्रांसाठी गंधकवायूची नवी मर्यादा आली. धुराड्यातला गंधकवायू धुऊन काढायची यंत्रणा दोन वर्षांत बसवायची होती. मग २०२२, मग आणखी पुढे, आणि जुलै २०२५मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना त्यातून सूटच मिळाली. कारण दिलं गेलं की भारतीय कोळशात गंधक कमी असतं. दहा वर्षांनी कळलेलं हे कारण.

यंत्रणा बसवणं अशक्य होतं म्हणावं तर डहाणू डोळ्यांसमोर आहे. १९९१मध्ये तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. तिथल्या ५०० मेगावॅटच्या केंद्राने टाळाटाळ केली तेव्हा प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली. २००७मध्ये यंत्रणा सुरू झाली, समुद्राच्या पाण्यावर चालणारी, देशातल्या पहिल्या काहींपैकी एक. चिकूच्या बागायतदारांचा रेटा, मागे लागणारी माणसं आणि हमीची रक्कम, एवढं जमलं की काम होतं. धर्माधिकारी २०१९मध्ये गेले. २०२३मध्ये याच प्राधिकरणाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचं भूमिपूजन झालं. किनाऱ्यावरचे मच्छीमार अजून विरोधात आहेत.

सोलर इतकं वाढलं म्हणतात, मग कोळसा बंद का होत नाही?

कारण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घरी येऊन आपण तेव्हाच एसी लावतो.

पण झालेली प्रगती लहान नाही. २०१४मध्ये देशात सौर वीज तीन गिगावॅटही नव्हती, जानेवारी २०२५मध्ये शंभर ओलांडली. २०१०-११च्या सुमारास युनिट दहा-बारा रुपयांना पडायचं. डिसेंबर २०२०मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे भाव लागला. पर्यावरणावर भाषण न देता झालेला हा बदल आहे. स्वस्त झालं म्हणून लोकांनी घेतलं. एलईडी बल्बचं तेच. २०१५च्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले आणि आज पिवळा बल्ब दुकानात शोधावा लागतो.

जून २०२५मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-कोळसा, बिगर-वायू झाली. हे लक्ष्य २०३०चं होतं. मात्र 'क्षमता' आणि 'प्रत्यक्ष वीज' यांत गल्लत करू नका. २०२४मध्ये प्रत्यक्ष विजेतली तीन चतुर्थांशाच्या आसपास कोळशाचीच होती. सौर पॅनेल दिवसातले काही तास काम करतं, कोळशाची भट्टी चोवीस तास.

चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं केंद्र आहे, भोवती कोळसा खाणी आणि हाकेच्या अंतरावर ताडोबा. राखेचं १०० टक्के काहीतरी करायचं बंधन आहे: विटा, सिमेंट, रस्ते. तरीही वारा सुटला की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर राखेचा थर येतो. माझी मावशी तिथे राहायची. ती कुरडया आत ओढून घ्यायची आणि म्हणायची, लाइट येते ना, मग बोलायचं नाही. तिचं हे वाक्य मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त छळतं.

आणखी एक, कोळशाला पाणीही लागतं. २०१५च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं.

आधी श्रीमंत होऊ, मग साफ करू. युरोपने तेच केलं, आपल्यालाच का शहाणपण शिकवतात?

कार्बनच्या बाबतीत या रागात तथ्य आहे. एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा असला तरी माणशी हिशेब केला तर जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ ते २०२० दरम्यान ३६ टक्क्यांनी खाली आलं, ठरल्यापेक्षा लवकर. निव्वळ शून्यासाठी, म्हणजे जितका कार्बन सोडू तितकाच शोषला जाईल यासाठी, २०७० साल भारताने ग्लासगोच्या हवामान परिषदेत, २०२१मध्ये जाहीर केलं.

पण नदीच्या बाबतीत हा युक्तिवाद मला मान्य नाही. नाल्यात सोडलेलं आम्ल ब्रसेल्सला जात नाही, ते खालच्या गावाच्या विहिरीत जातं. श्रीमंत होणारा वरच्या अंगाला असतो, पाणी पिणारा खालच्या.

आणि आता बाजारही थांबायला तयार नाही. जानेवारी २०२६पासून युरोपात जाणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बनचा हिशेब लागू झाला आहे. काल-परवापर्यंत पर्यावरणाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारे निर्यातदार आता आपल्या भट्टीचा कार्बन कसा मोजायचा ते विचारत फिरतात.

कुठे खरंच सुधारणा झाली असं उदाहरण आहे का? की नुसतंच रडगाणं?

सुरत. उधना, लिंबायत भागात अर्धं खानदेश राहतं, त्यामुळे अनेकांना हे शहर घरचं. तिथे २०१९मध्ये कापड प्रक्रियेच्या तीनशेहून जास्त कारखान्यांवर धुराड्यातल्या कणांसाठी परवान्यांचा बाजार सुरू केला, कणांसाठीचा जगातला पहिलाच. धुराड्यावर चोवीस तास मोजणारं यंत्र. एकूण किती कण सोडायचे ते ठरलेलं. कमी सोडले तर उरलेला परवाना विका, जास्त सोडले तर विकत घ्या. बाजारातल्या कारखान्यांचे कण २० ते ३० टक्क्यांनी घटले. गुजराती-मारवाडी व्यापाऱ्याला दंडाची भीती घालून जे साधलं नाही ते भावाने साधलं, असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

महाराष्ट्राने २०१७मध्ये धुराड्यांना एक ते पाच स्टार द्यायला सुरुवात केली आणि ते सगळ्यांना बघायला ठेवले. चांगली चाल होती.

यंत्र लावलं म्हणजे झालं, असंही नाही. २०१४पासून अतिप्रदूषक उद्योगांना ऑनलाइन मोजणी सक्तीची आहे. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मी पाण्यातला सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बसवलेला पाहिला आहे. बादलीवर झाकणही होतं, धूळ जाऊ नये म्हणून. आकडे अर्थातच फार सुंदर येत होते. खरं पाणी कधी इतकं एकसारखं नसतं. आकडा दिवसभर हलत नसेल तर संशय घ्यावा.

आमच्या गावात जनसुनावणी आहे. जाऊन काही उपयोग होतो का?

जा. पण आधी वाचून जा. नोटीस निदान ३० दिवस आधी निघावी लागते आणि प्रकल्पाच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. तो मराठी सारांश वाचणं ही स्वतंत्र शिक्षा आहे. वाक्य कळत नसेल तर सभेत उभं राहून 'याचा अर्थ सांगा' म्हणा, ते इतिवृत्तात येतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो. शेवटी इतिवृत्त सगळ्यांसमोर वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक भजी-चहा झाला की उठतात आणि नेमकं तेवढ्यातच राहून जातं. मांडव रिकामा होईपर्यंत बसा.

'कंपनी नको' आणि 'पोरांना नोकऱ्या द्या' या दोन घोषणांतच बहुतेक सभा संपतात. त्यापेक्षा विचारा: पाणी कुठून घेणार, रोज किती, पावसाळ्यात साठवणार कुठे, गाळ कोण उचलणार? तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. तिथे नेणार असाल तर करार दाखवा.

परवानगीआधीच बांधकाम सुरू असेल तर तेही नोंदवा. अशी मागाहून मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर मे २०२५मध्ये बेकायदा ठरवली होती, मात्र नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला गेला.

शिक्षा होते का कुणाला?

तुरुंगात गेलेला कारखानदार मी तरी पाहिला नाही. आता तर २०२३च्या जनविश्वास कायद्याने आणि २०२४च्या दुरुस्तीने हवा-पाणी कायद्यांतल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला आहे. मला यात दोन्ही बाजू दिसतात. कैदेची तरतूद शोभेचीच होती, दंड निदान वसूल होऊ शकतो. पण पंधरा लाख ही रक्कम मोठ्या कारखान्याच्या महिन्याच्या रसायनखर्चाहून कमी असू शकते. मग दंड हा दंड राहत नाही, भाडं होतं.

गोव्यातही असंच आहे का?

तिथे कारखान्यांपेक्षा खाण आणि कोळसा. लोहखनिजाच्या बेकायदा खाणकामावर शहा आयोगाचा अहवाल आला आणि २०१२मध्ये खाणी थांबल्या. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. मुरगाव बंदरातून कोळसा नेण्यासाठीच आहे असं म्हणत मोलेच्या जंगलातल्या रेल्वे दुपदरीकरणाला लोकांनी विरोध केला आणि २०२२मध्ये त्याची वन्यजीव मंजुरीही न्यायालयाने रद्द केली. खाणी थांबल्यावर ट्रकवाल्यांचे कर्जाचे हप्ते थकले, हेही त्याच गोष्टीचं दुसरं पान आहे.

झाडं लावून भरपाई होते ना?

सागाची रांग म्हणजे जंगल नव्हे. पुढचा प्रश्न.

प्लास्टिकबंदीचं काय झालं?

महाराष्ट्रात मार्च २०१८मध्ये झाली, देशात जुलै २०२२मध्ये एकदा वापरायच्या वस्तूंवर. भाजीवाल्याकडे जाऊन बघा. त्यापेक्षा पुण्याच्या कचरावेचक बायांनी जास्त प्लास्टिक वाचवलं. १९९३पासून त्यांची संघटना आहे, पुढे त्यातूनच घरोघर कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' सहकारी संस्था उभी राहिली.

नाल्यात काही सोडलेलं दिसलं तर मी काय करू?

वेळ आणि जागा लिहा, फोटो-व्हिडिओ घ्या आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा, नुसता फोन नको. तुम्ही भरलेली बाटली कोर्टात पुरावा धरली जात नाही. कायद्याप्रमाणे सॅम्पल मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखान्याच्या माणसाला सांगून घ्यायचं, त्याचे दोन भाग करून सील करायचे असतात. तुमचा उपयोग त्याला वेळेवर तिथे आणण्यापुरता. कारखान्याला मंडळाने दिलेलं संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतं, मोठ्या प्रकल्पांचे सहामाही अहवाल केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर. संमतीपत्रात कारखान्याला रोज किती पाणी सोडायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. टँकर मोजा.

हरित लवादाकडे वकिलाशिवायही जाता येतं, भरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये. पण घटनेपासून सहा महिन्यांची मुदत असते. 'बघू, करू' म्हणता म्हणता ती निघून जाते.

तुम्ही नुसतं पाणी बघून सांगू शकता का, किती घाण आहे ते?

नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मीच एकदा काचेसारखं स्वच्छ सॅम्पल बघून 'हे ठीक असेल' म्हणून शेवटी ठेवलं होतं. त्याचा सीओडी नऊ हजार निघाला, कुठलं तरी सॉल्व्हंट होतं. तरी घरी आणून कुणाला तपासायला द्यायचंच असेल तर स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, वरपर्यंत काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. बाटलीवर वेळ लिहा. आणि हो, पाण्याची बिसलेरीची बाटली वापरली असेल तर तिचं लेबल फाडून टाका. आमच्या एका पोऱ्याने फ्रिजमधली अशीच एक उघडली होती.